वेग, त्वरण आणि पिकअप

सोलापूर

चि. मेधा हिस,


‘अ‍ॅक्सिलरेट’ आणि त्याच्या गोतावळ्यासाठी तू भाषांतरात सगळीकडे ‘त्वरण’ योजलं आहेस, आणि दाखला दिला आहेस आइसलँडिक भाषेचा. ‘ह्राधी’ म्हणजे वेग. या घरच्या शब्दापासून तिथल्या लोकांनी अ‍ॅक्सिलरेशनसाठी ‘ह्रोधुन’ घडवला, तो शाळेत रुळला, मग मराठीनं मागं का राहायचं, हा तुझा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण दाखला तू अर्धाच घेतलास. गाडीतल्या अ‍ॅक्सिलरेटरसाठी आइसलँडिक माणूस ‘बेन्सिनग्योव’ म्हणतो, शब्दशः पेट्रोल देणं. गाडी दामटायची तर ‘ग्येवा ई’, म्हणजे ‘आत दे’. इंग्रजीच्या एकाच शब्दाला तिथं दोन घरं मिळाली, एक फळ्यावर आणि दुसरं ड्रायव्हरच्या पायाखाली. परका शब्द टाळण्याइतकीच ही वाटणी महत्त्वाची आहे, आणि तुझ्या मसुद्यात नेमकी तीच हरवली आहे.

आधी फळ्यावरचं पाहू. बालभारतीच्या पुस्तकांत स्पीडला ‘चाल’, व्हेलॉसिटीला ‘वेग’ आणि अ‍ॅक्सिलरेशनला ‘त्वरण’ आहे. विश्वकोशात ‘प्रवेग’ भेटतो. (‘चाल’ हा फार नेटका शब्द. आइसलँडिकनंही स्पीडसाठी ‘फेर्ध’ घेतला, ज्याचा रोजचा अर्थ प्रवास.) ‘प्रवेग’ची अडचण अशी की ‘प्रखर’, ‘प्रचंड’च्या सवयीनं त्यातून ‘मोठा वेग’ ऐकू येतो. सरळ रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरनं एकसारख्या धावणाऱ्या मोटारीला वेग भरपूर असतो, त्वरण मात्र शून्य. मग सोपा ‘वेगवाढ’ का नको? कारण भौतिकशास्त्रात ब्रेक लावणं हेही त्वरणच, फक्त ऋण. आणि एसटी वळणावर चाल जराही न बदलता वळली तरी तिला त्वरण असतं, कारण वेगाची दिशा बदलली. तिथं ‘वेगवाढ’ लिहिणं म्हणजे चक्क चूक. ‘त्वरण’लाही दोष आहेच, ‘त्वरा’ म्हटलं की आपल्याला घाई आठवते. पण त्या शब्दात ‘वेग’ही नाही आणि ‘वाढ’ही नाही, म्हणून व्याख्या त्यात हवा तो अर्थ भरू शकते. गणितात तोच ठेव, आणि एकदा ठेवलास की पुस्तकभर बदलू नकोस.

गणिताबाहेर मात्र हा शब्द पांगळा होतो. आपल्या गावची वंदे भारत घे. १० फेब्रुवारी २०२३ला ती मुंबई-सोलापूर सुरू झाली. तिला ‘वेगवान’ म्हटलं की निम्मीच गोष्ट सांगून होते. तिच्या मोटारी एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेल्या आहेत. त्यामुळं थांब्यावरून सुटताना ती लवकर वेग घेते आणि भोर घाट मागं जादा इंजिन न लावता चढते. जिथं गाडी पुन्हापुन्हा थांबते, तिथं सर्वाधिक वेगाच्या आकड्याइतकाच हा गुण वेळ वाचवतो. अभियंता म्हणेल, तिचं त्वरण अधिक आहे. प्रवाशासाठी लिहिताना ‘गाडी चटकन वेग घेते’ एवढं पुरे. आता क्रियापदं बघ. गाडी वेग घेते, चालक वेग वाढवतो, पाऊस जोर धरतो, कामाला गती येते, माणूस पाय उचलतो. इंग्रजी क्रियापद कोणी कोणाला पळवलं हे वाक्यरचनेवर सोडून देतं. मराठी ते क्रियापदातच सांगते. सगळीकडे ‘त्वरण करणे’ लिहून तू ही सोय स्वतःच गमावतेस. शिवाय रोगाचा किंवा ऱ्हासाचा वेग वाढतो, तिथं ‘रोग झपाट्यानं बळावला’ असं लिहिता येतं. त्या वाक्यात वेगाचं नावही लागत नाही.

तू म्हणशील, इतके शब्द वापरले तर वाचक गोंधळेल. सूत्रात गोंधळेल, म्हणून तिथं एकच संज्ञा हवी. पण गोष्टीतला पाऊस आणि पाठातला चेंडू एकाच शब्दानं धावलेच पाहिजेत, असा नियम कुठल्याही जिवंत भाषेत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: दुचाकीवाल्याच्या तोंडी मी ‘पिकअप’ राहू दे म्हणतो, ही इंग्रजीपुढची शरणागती नाही का? ज्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच बोळात बोलल्या जातात, तिथं ‘गाडीला पिकअप नाही’ हे वाक्य सगळ्यांना कळतं. संवादात ते काढून ‘त्वरण’ घातलंस तर तुझा दुचाकीवाला मास्तरासारखा बोलू लागेल. निवेदन मात्र तुझं आहे, तिथं तुला ‘पिकअप’ची गरज नाही. आणि ‘त्वरण’चा दर्जा यानं घटत नाही. ‘ह्रोधुन’ टिकला तो त्याचं मूळ लोकांच्या तोंडात होतं म्हणून. आपल्याकडे ‘त्वरा’ आणि ‘त्वरित’ आहेतच. ‘त्वरण’ला गाडी हाकायला लावलं नाही, तर तोही टिकेल.

‘चालकाने बसचे त्वरण केले’ हे वाक्य आधी काढ. त्याच परिच्छेदातलं ‘वर्तुळाकार गतीतील वेगवाढ’ही बदल, तिथं मात्र त्वरणच हवं. मग पुढचं प्रकरण पाठव.

तुझा,
काका