यादीतली नावं आणि तुझी दोन वर्षं

तारनाका, हैदराबाद

चि. मृणाल हिस,


जिओफिजिक्सच्या एम.एस्सी.ला तुझा नंबर लागल्याचं दादाने फोनवर सांगितलं. त्यापाठोपाठ तू घरच्या ग्रुपवर टाकलेली यादीही पोचली. उस्मानियाचे नामवंत माजी विद्यार्थी म्हणून नरसिंह राव, शंकरराव चव्हाण, आपल्या चाकूरचे शिवराज पाटील, अडोबीचे शंतनू नारायण आणि हर्षा भोगले. आमच्या ह्यांनी तर वाचता वाचता मिशीला पीळच भरला. यादी खरी आहे. फक्त तिच्या भरवशावर येऊ नकोस. त्या लोकांचं जे काही झालं ते त्यांनी केलं म्हणून झालं. विद्यापीठाला आता त्यांची नावं मिरवायला सोपं जातं, एवढंच.

नरसिंह रावांचंच घे. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचं ठरवलं. ते लोण हैदराबादला आलं आणि उस्मानियाने मुलांना काढून टाकलं. त्या काढून टाकलेल्यांत रावही होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी या मुलांना दारं उघडली, म्हणून त्यांची वर्षं वाचली. नरसिंह रावांचं पुढचं शिक्षण नागपूर-पुण्याकडे झालं. मराठी त्यांना इतकी आली की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. ज्याला घालवून दिलं तोच आज यादीत पहिला! विद्यापीठं अशी विसराळू असतात, आणि एका परीने ते बरंच आहे.

बाकी उस्मानिया आपल्याला परकं नाही. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आपल्याकडच्या पदव्या इथल्याच असायच्या. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेलं मिलिंद कॉलेजही तेव्हा उस्मानियालाच जोडलेलं होतं, आणि १९५३ साली याच विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.लिट. दिली. १९१८ साली हे विद्यापीठ स्थापन झालं, आणि निजामी संपेपर्यंत इथे डॉक्टरी, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. आपल्या घरच्या आप्पांची गणिताची वही उर्दूत होती. घरी मराठी, दारात कानडी, वर्गात उर्दू, आणि यात आपण काही विशेष करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडाची इमारत १९३९ची, आराखडा बेल्जियमच्या जास्परचा. पायऱ्यांवर फोटो सगळेच काढतात. तू आत जा आणि खांब बघ. वेरूळची सहल आठवेल.

आता खरं सांगायचं ते. मी सकाळी कॅम्पसात फिरायला जाते. विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी रोज तीच गर्दी असते. मुलं पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली घेऊन जागा धरायला येतात. आत ग्रंथालयाचं पुस्तक क्वचितच कुणासमोर असतं. प्रत्येकाने आपलंच आणलेलं असतं, सरकारी भरतीच्या ग्रुप-१, ग्रुप-२ परीक्षांच्या नोट्सचे झेरॉक्स, कोपरे दुमडलेले, चार रंगांच्या रेघा मारलेले. बाहेर झाडाखाली काहीजण येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करतात. त्यांना मी हसत नाही. पदवी हातात असून नोकरीची जाहिरात निघत नाही, निघाली तर कोर्टात अडकते, हा दोष त्यांचा नव्हे. १९६९ला आणि पुन्हा २००९नंतर तेलंगणासाठी हेच आवार पेटलं, त्यातही नोकऱ्यांचंच दुखणं होतं. पण तू त्या रांगेत पहिल्याच महिन्यात जाऊन बसू नकोस. लातूरकडून येणाऱ्या पोरांना नोट्स पाठ करायची सवय घरूनच लागलेली असते. इथे ती मोडायला जागा आहे. परीक्षा द्यायची असेल तर एम.एस्सी. झाल्यावर दे. ही दोन वर्षं विषयाला दे.

आणि तुझा विषय तर रस्त्यापलीकडेच आहे. तारनाक्याच्या पुढचं मेट्रो स्टेशन हब्सिगुडा, त्याच्या पुढचं थेट एनजीआरआयच्या, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या नावाचं. ३० सप्टेंबर १९९३ला भूकंपाने किल्लारी हादरली, त्यानंतर याच संस्थेचे शास्त्रज्ञ तिकडच्या शेतांतून यंत्रं घेऊन फिरले, जमिनीत खोल भोक पाडून खडक तपासले. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. दादा-वहिनी मात्र त्यानंतर कित्येक रात्री अंगणात झोपले. जे ठिकाण सुरक्षित समजलं जात होतं तिथे असं का झालं, हा प्रश्न तुझ्या घरचा आहे. तो घेऊन तिथे कुणाला तरी भेट. विभागातल्या सरांना चिठ्ठी मागायला लाजू नकोस. मागणाऱ्या मुली कमी असतात, त्यामुळे लक्षात राहतात.

एक तक्रार आधीच करून ठेवते. आपल्याकडच्या मुली इथे येतात आणि चौघीजणी एक खोली करून वर्षभर आपापसांतच राहतात. दक्खिनी समजते, हिंदी चालते, मग तेलुगू कशाला? प्रॅक्टिकलच्या जोडीदारणीशी गप्पा कशात मारणार? सिटी बसच्या पाट्या बहुतेक तेलुगूत असतात. निदान त्या वाचता येतील एवढी अक्षरं दिवाळीपर्यंत गिरव. वंदे मातरम्‌वाल्या मुलांना हाकलून दिल्यावर दुसऱ्या मुलखात निभावून न्यावं लागलं, तू तर आपल्या खुशीने येतेयस.

वसतिगृह मिळेपर्यंत आमच्याकडे राहा, मग मात्र तिकडेच. मूळ प्रमाणपत्रं पेटीत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव, आणि त्यांच्या झेरॉक्सचे चार-पाच संच करून आण. वहिनीला म्हणावं, लोणचं नको, शेंगदाण्याची चटणी पाठव. रविवारी जेवायला येशील तेव्हा लातूरच्या मैत्रिणी नकोत, वारंगळ-करीमनगरची एखादी घेऊन ये.

तुझी,
आत्या