‘पाठलाग’मधील नायिका आणि उत्कंठा

रहस्यपटाचा विचार करताना धक्का आणि उत्कंठा यांत भेद करावा लागतो. धक्का क्षणात ओसरतो. उत्कंठा टिकते, कारण प्रेक्षकाला काही ठरवायचे असते. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचा आधार जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी. पत्नी गमावलेल्या वकिलासमोर (काशिनाथ घाणेकर) तिच्याच रूपाची आरोपी स्त्री (भावना) उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. केवळ पती-पत्नींनाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती भर न्यायालयात बोलून दाखविते. तिचे बोलणे हाच येथे पुरावा. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा पेच प्रेक्षकाचाही होतो. मात्र स्वतःची ओळख सिद्ध करण्यासाठी तिला पतीच्याच मान्यतेवर अवलंबून राहावे लागते, हे विसरता येत नाही. जुळ्या बहिणीच्या आधारे होणारी उकल त्यामानाने सोयीची वाटते. ‘मेरा साया’ (१९६६) हे याच कथेचे हिंदी रूप. ते गाण्यांमुळेच अधिक स्मरणात राहिले.

उपक्रम : धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी भवानीचा गोंधळ पाहावा. साथीदाराच्या प्रश्नांनी आख्यानाची उत्कंठा कशी वाढते, ते टिपून वरील उलटतपासणीशी तुलना करावी.