बोईसरचे मासे पालघरला

घर बदलताना कपाट, पलंग, शिवणयंत्र टेम्पोत चढवणे सोपे असते. पंचाईत होते ती माशांच्या काचपेटीची. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत किंवा औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना बदली, निवृत्ती, नवे घर अशा कारणांनी बोईसरहून पालघरला बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग नवीन नाही. शाळेला सुटी म्हणून बहुतेक जण मे महिना निवडतात. माशांच्या दृष्टीने हाच महिना सर्वांत वाईट! अंतर रेल्वेने जेमतेम बारा किलोमीटर, मध्ये एक उमरोळी स्टेशन. पण एवढ्या प्रवासात भौतिकशास्त्राचा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम येऊन जातो. तो समजून घेतला तर मासे जिवंत पोचतील.

प्रथम वजन. आपली पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे असे धरू. तीत २४ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी असेल तर त्याचे आकारमान ४३ लिटर, म्हणजे वस्तुमान ४३ किलोग्रॅम. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे ९ किलो आणि तळाच्या खड्यांचे आठ-दहा किलो धरले की बेरीज साठच्या वर जाते. “दोघे मिळून उचलू की!” असे कोणीतरी म्हणतेच. उचलता येईलही, पण प्रश्न आपल्या ताकदीचा नसून काचेच्या ताकदीचा आहे. टेबलावर असताना तळाच्या काचेला सगळीकडून आधार असतो. दोन टोकांना धरून उचलली की तीच काच दोन खांबांवरच्या तुळईसारखी मध्ये वाकू पाहते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फार थोडा सोसते. खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारा ओरखडा असला तरी ताणाने तो वाढत जातो आणि काच एकदम तडकते. शिवाय जिन्यावर एक जण वरच्या पायरीवर आणि दुसरा खालच्या पायरीवर असला की पेटीला पीळ बसतो व सिलिकॉनचे सांधे सुटू लागतात. काच त्या दिवशी फुटली नाही तरी आठ दिवसांनी कोपऱ्यातून पाणी झिरपू लागते, त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून पेटी रिकामी करूनच हलवावी. रिकामी पेटीसुद्धा थर्मोकोलच्या सपाट तुकड्यावर ठेवून, खालून हात घालून उचलावी.

“निम्मे पाणी ठेवले तर?” हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. निम्म्या पाण्याने वजन कमी होते, पण दुसरे संकट उभे राहते. टेम्पोने जोरात ब्रेक लावला आणि त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका घटू लागला असे समजा. जडत्वामुळे पाणी पुढे सरकते आणि त्याचा पृष्ठभाग तिरपा होतो. या तिरपेपणाचा कोन काढणे सोपे आहे. त्याचा टॅन्जन्ट म्हणजे ३ भागिले ९.८, म्हणून कोन सुमारे १७ अंश. ६० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत पुढच्या टोकाला पाणी ९ सेंटिमीटर चढेल आणि मागच्या टोकाला तितकेच उतरेल. २४ सेंटिमीटर पाणी असेल तर पुढे ३३ होईल. पेटीची उंची तर ३० आहे! निम्मे पाणी सांडणार नाही, पण हिंदकळेल. प्रत्येक पेटीतल्या पाण्याला झोपाळ्यासारखा स्वतःचा आवर्तकाल असतो. आपल्या पेटीत १० सेंटिमीटर पाणी असेल तर तो सुमारे १.३ सेकंद येतो. खड्ड्यांचे किंवा ओझे वाहणाऱ्या माणसाच्या पावलांचे धक्के याच ठेक्यात बसू लागले की अनुस्पंदन होऊन लाट वाढत जाते. त्या लाटेबरोबर तळाचे दगड, शोभेची मातीची नाव आणि मासे, सगळे काचेवर आदळते.

मासे पिशवीत न्यावेत. येथे पुष्कळांचा एक गोड गैरसमज असतो, की पिशवीत पाणी जितके जास्त तितके मासे सुखी. हिशोब करून पाहू. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी साठा कमी होतो. मे महिन्याला वाईट म्हटले ते यासाठी. उलट एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पाण्याच्या पस्तीसपट! तेव्हा ३ लिटरच्या पिशवीत १ लिटर पाणी आणि २ लिटर हवा ठेवणे शहाणपणाचे. पिशवी किंचित हलत राहिली की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत राहतो. मत्स्यबीज दूरच्या तळ्यांवर पाठवणारे हीच रीत वापरतात. फक्त हवेऐवजी ते शुद्ध प्राणवायू भरतात, त्यामुळे साठा जवळजवळ पाचपट होतो. बारा किलोमीटरला त्याची गरज नाही. गोरामी आणि फायटर हे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात, त्यांच्या पिशवीत हवेची जागा हवीच. मात्र पिशवी तोंडाने फुगवू नका. उच्छ्वासात प्राणवायू २१ ऐवजी सुमारे १६ टक्के उरतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. हा वायू पाण्यात सहज विरघळतो आणि मासा गुदमरतो. पिशवी हवेत फिरवून भरावी व तोंड पिळून रबराने बांधावे.

मासे धरायचे ते तळाचे खडे ढवळण्यापूर्वी. खड्यांच्या थराखाली जेथे प्राणवायू पोचत नाही तेथे सडका गाळ आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. अंड्यांच्या घाणेरड्या वासाचा तो वायू माशांना विष आहे. आदल्या दिवशी माशांना खाणे देऊ नये. एक दिवस उपाशी राहून धडधाकट मासा मरत नाही, पण पिशवीत विष्ठा कमी होते.

आता तापमान. पिशवीत १ लिटर पाणी २७ अंशांचे आहे आणि टेम्पोत हवा ३६ अंशांची आहे. पाण्याची विशिष्ट उष्मा मोठी, म्हणून ते सावकाश तापते. तारापूरचे केंद्र वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरते, ते याच गुणामुळे. तरी साधारण अंदाजाने आपल्या पिशवीचे तापमान सुरुवातीला दर तेरा-चौदा मिनिटांना एक अंश चढेल. ऊन थेट लागले तर याहून कितीतरी लवकर. अशा चार पिशव्या अडीच सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलच्या खोक्यात एकमेकींना चिकटून ठेवल्या तर एक अंश चढायला तासाच्या वर लागेल. पाण्याचा साठा वाढला, उघडा पृष्ठभाग त्या मानाने घटला आणि भोवती उष्णतेचा दुर्वाहक आला, असा तिहेरी लाभ. बर्फ टाकण्याचा मोह आवरावा, कारण पाच मिनिटांत पाच अंश खाली आणणे हे तापवण्याइतकेच घातक.

पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू मात्र डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे शेवटचे रसायन त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जीवाणू पाण्यात थोडे व गाळणीच्या स्पंजावर आणि खड्यांवर जास्त असतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बिऱ्हाड हलवताना कौतुकाने स्पंज आणि खडे नळाखाली खळखळून धुतले की नळाच्या पाण्यातले क्लोरीन ही वस्ती मारून टाकते. चकचकीत पेटीत मासे सुखरूप पोचतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पटापट मरू लागतात. मग दोष प्रवासाला दिला जातो! स्पंज पेटीच्याच पाण्यात हलका पिळून, उघड्या डब्यात ओला ठेवून न्यावा. बंद डब्यात पाण्याखाली बुडवून ठेवला तर काही तासांत जीवाणूंचा प्राणवायू संपतो.

निम्मे जुने पाणीही बरोबर घ्यावे, म्हणजे माशांना बदल थोडा जाणवतो. त्यासाठी घरच्या झाकणाच्या बादल्या चांगल्या. रसायनांचे रिकामे पिंप कितीही धुतलेले असले तरी यासाठी नकोत.

पोचल्यावर स्टँड सपाट आहे की नाही हे पेटीतल्या पाण्यालाच विचारा. दोन्ही टोकांना तळापासून पाण्याची उंची मोजली की फरक कळतो. कमी पडलेले पाणी एक दिवस उघडे ठेवलेले, हवा सोडलेले असावे. बोअरचे आणि नळाचे पाणी सारखे समजू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगू द्या, मग उघडून थोडे थोडे पाणी तीत घाला आणि मासे जाळीने पेटीत सोडा. प्रवास लांबून पाच-सहा तासांचा झाला असेल तर उघडलेली पिशवी रेंगाळत ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते व अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निसटतो, सामू वाढतो आणि विषारी अमोनियाचे प्रमाणही वाढते. २५ अंशांना सामू ७ असताना ते एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के. पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवा, खाणे दुसऱ्या दिवशी चिमूटभर द्या, आणि पुढचे दोन आठवडे नवे मासे आणू नका.

करून पाहा : ४० सेंटिमीटर लांबीच्या सपाट तळाच्या ट्रेमध्ये २ सेंटिमीटर पाणी घ्या. एक टोक किंचित उचलून सोडा आणि लाटेच्या दहा फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळाने मोजा. एका फेरीला सुमारे १.८ सेकंद यावेत. पाणी ४ सेंटिमीटर केल्यावर सुमारे १.३ येतील. खोली दुप्पट केली, पण आवर्तकाल निम्मा का झाला नाही, याचे उत्तर वर्गात शोधा.