वास पसरतो कसा?

चाळीत एका घरी बोंबील भाजले, की साऱ्या मजल्याला कळते ना? वासाचे बारीक कण हवेत मिसळतात नि पसरतात.

आता ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानांत सुगंध पसरवणारी भांडी मिळतात. त्यांना 'डिफ्यूझर' म्हणतात. डिफ्यूझर म्हणजे पसरवणारा. बाटलीतल्या काड्या सुगंधी तेल वर ओढतात. दिव्याची दुधी काचही डिफ्यूझरच. ती उजेड पसरवते.

पण आपण एक ध्यानात ठेवू. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास घालतात. तो सुगंधाने झाकू नये. वास आला, तर रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्या. विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. बाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करावा.