घशाचे डॉक्टर

मुलांनो, घसा बसला की आपण डॉक्टरांकडे जातो. ते तोंड उघडायला सांगतात, आत बॅटरीचा उजेड टाकतात आणि औषध लिहून देतात. पुण्यात असेच एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. लोकांचे घसे तपासणाऱ्या या डॉक्टरांच्या स्वतःच्या आवाजाने पुढे सारा महाराष्ट्र भारून टाकला. त्यांचे नाव डॉ. श्रीराम लागू.

त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 रोजी सातारा येथे झाला. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांना नाटकाची गोडी लागली. भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर ते नाटके करू लागले. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम! 'तालीम' म्हटल्यावर तुम्हांला शाळा आठवली असेल. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण; मराठीत मात्र तालीम म्हणजे नाटकाचा सराव, आणि पहिलवानांचा आखाडासुद्धा.

जादा शिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंडला जाऊन आले. आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी सर्जन म्हणून काम केले. हात कुशल होता, कमाई होती, समाजात मान होता. तरीही 1969 साली, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी दवाखाना सोडला आणि ते पूर्ण वेळ नट झाले. तुमच्या घरातल्या एखाद्या सर्जनने असे ठरवले, तर अब्बा-अम्मी काय म्हणतील? नटाचा धंदा बेभरवशाचा. आज नाटक चालते, उद्या पडते.

पुढच्याच वर्षी, 23 डिसेंबर 1970 रोजी, वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' हे नाटक रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर हे एकेकाळचे मोठे नट. म्हातारपणी ते आपली सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात. मग त्याच मुलांच्या घरात त्यांची अडचण होऊ लागते. पोटची मुलगी त्यांच्यावर चोरीचा आळ घेते, तेव्हा ते पत्नीसह घर सोडतात. डॉ. लागू यांनी हा म्हातारा असा उभा केला की, त्यांचे नाव आणि नटसम्राट हे जणू एकच झाले. तेव्हा त्यांचे स्वतःचे वय होते अवघे त्रेचाळीस! नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी अशा मोठ्या नटांनीही ही भूमिका केली.

चित्रपटांनीही त्यांना बोलावले. 'पिंजरा' (1972) मध्ये ते गावातले आदर्श मास्तर झाले. तमाशाच्या नादाने या मास्तरांचा तोल जातो. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे असेल, पण तो चित्रपट पाहताना मला फार अवघडल्यासारखे झाले. 'सामना'मध्ये निळू फुले यांच्या साखरसम्राटासमोर ते दारुड्या मास्तर होऊन उभे राहिले. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल हेही डॉक्टरच! हिंदी 'घरौंदा'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'गांधी' (1982) या इंग्रजी चित्रपटात ते गोपाळ कृष्ण गोखले झाले.

त्यांच्या मुलाचे नाव तन्वीर. या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. धावत्या रेल्वेवर बाहेरून कोणीतरी दगड भिरकावला, तो तन्वीरला लागला आणि त्यातच तो गेला. दगड मारणाऱ्याला तो कदाचित खेळ वाटला असेल. पुढे मुलाच्या आठवणीसाठी डॉक्टरांनी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. रंगभूमीची सेवा करणाऱ्या कलावंतांना तो दिला जातो.

17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे 'लमाण'. लमाण म्हणजे बंजारा. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून गावोगाव नेत. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारा एक लमाण, एवढीच या मोठ्या नटाने स्वतःची ओळख ठेवली.