ताप आलाय, पण घरी सांगू नकोस

माझ्या लेकीला अलेप्पीत डेंग्यू झाला, हे मला तिच्या तापाच्या चौथ्या दिवशी कळलं. तिच्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ही मैत्रीण आमच्याच इमारतीत राहते. त्या तीन दिवसांत जिन्यात दोनदा भेटली, ‘काकू, कशा आहात’ म्हणाली आणि पटकन खाली उतरून गेली. तिला बिचारीला ताकीद होती, ‘ताप आलाय, पण घरी सांगू नकोस. आई ओरडेल.’

डेंग्यू बरा झाला. हे वाक्य मात्र अजून मनात सलतंय. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले.

लेक तेवीस वर्षांची. एक नोकरी सोडली, दुसरी सुरू व्हायला पाच आठवडे होते. ‘पाठीवर सॅक टाकून एकटीच दक्षिणेत फिरून येते’ म्हणाली. हंपी, म्हैसूर, वायनाड, फोर्ट कोची, अलेप्पी, वर्कला आणि शेवटी कन्याकुमारी. आम्ही परवानगी दिली. आपण सगळेच देतो हो आजकाल. पण कशी देतो? चार दिवस तोंड पाडून, बातम्यांतल्या नको त्या गोष्टी वाचून दाखवून, आणि निघायच्या दिवशी डब्यात दशम्या भरता भरता, ‘जा, पण काही झालं तर मग आम्हाला सांगू नकोस.’

हे मी म्हटलं होतं. शब्द न् शब्द आठवतोय. दशम्या फॉइलमध्ये गुंडाळत होते, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

फोनवर तिचं लोकेशन मला दिसायचं. निळा ठिपका हंपीत फिरला, म्हैसुरात फिरला, मग वायनाडच्या डोंगरांत गेला. अलेप्पीत तो एका जागी थांबला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मला वाटलं, बॅकवॉटरच्या काठी मजेत पडली असेल. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, ‘बघ, रमली.’ त्या ठिपक्याला एकशे तीन ताप होता.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. ‘आई, आधी चिडू नकोस हं. मला लहानपणी कुठल्या औषधाने पुरळ उठलं होतं गं? इथले डॉक्टर विचारतायत.’

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? मी म्हटलं, ‘सांगितलं होतं ना! कुठेही काहीही खायचं, कुठलंही पाणी प्यायचं, ओडोमॉसची ट्यूब दिली होती ती सॅकमधून काढलीस तरी का?’ पलीकडून आवाज आला, ‘औषधाचं नाव सांग ना आई.’ सल्फा, मी म्हटलं. ‘बरं. ठेवते.’

सात वर्षांची असताना तिला सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ आलं होतं. सोळा वर्षं ते नाव फक्त माझ्या डोक्यात होतं. ते नाव मलाच ठाऊक होतं, म्हणून तो फोन आला. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर तिने चौथ्या दिवशीही सांगितलं असतं का, कोण जाणे.

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि एक एक आठवायला लागलं. आपल्या घरांमध्ये मुलाला ताप आला की आधी चौकशी बसते. ‘पावसात भिजलास ना?’ ‘शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा खाल्लास?’ ‘कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?’ ‘पंखा पाचवर ठेवून झोपलीस?’ थर्मामीटर त्यानंतर येतो. मुलाचं अंग दुखत असतं, डोकं भणभणत असतं, आणि ते आधी गुन्हा कबूल करत असतं.

आपण वाईट असतो म्हणून असं होत नाही. दिवसभर राबून घरी आलेलो असतो. उद्याची रजा साहेबांकडे कशी मागायची हा घोर असतो. संध्याकाळी डॉक्टरांकडे नंबर लावायचा, स्वयंपाक पडलेला असतो. आणि या सगळ्याखाली भीती असते. ती रागाच्या आवाजात बाहेर पडते. मुलाला मात्र फक्त राग ऐकू येतो. ती पहिलीत असताना एकदा मी तिला म्हणाले होते, ‘आज नको गं आजारी पडूस, ऑफिसात ऑडिट आहे.’ हे मी विसरले होते. तिने परवा आठवण करून दिली. त्या दिवशी ती अंगात कणकण घेऊन शाळेत गेली होती.

आता अलेप्पीतलं सांगते. लेक राहत होती ते घर कालव्याच्या काठी. मालक आणि त्यांची बायको कुठल्याशा लग्नाला गावाला गेले होते, घरी त्यांची म्हातारी आई. लेक तिला अम्मच्ची म्हणायची, तिथल्या ख्रिस्ती घरांत म्हणतात तसं. अम्मच्चीला मल्याळमशिवाय काही येत नव्हतं. पहिल्या रात्री लेकीला हुडहुडी भरली, घसा कोरडा पडला. ती भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि हिंदीत म्हणाली, ‘पानी, पानी.’

मल्याळममध्ये पाण्याला वेळ्ळम म्हणतात. आणि ‘पनि’ म्हणजे ताप.

म्हातारीने पुढे येऊन थेट कपाळाला हात लावला. खुर्चीत बसवलं. केरळात पतिमुगम नावाच्या झाडाचं लाकूड घालून पाणी उकळतात, ते गुलाबी होतं. तसं कोमट पाणी तिने पेल्यात ओतून दिलं. सकाळी कंजी केली, म्हणजे आपली पेज, सोबत शिजवलेले हिरवे मूग. घरी मऊभात समोर आला की नाक मुरडणारी माझी मुलगी दोन वाट्या प्यायली.

मला हे सांगताना लेक म्हणाली, ‘आई, तिने काहीच विचारलं नाही गं.’ विचारायला दोघींत भाषाच नव्हती. अम्मच्चीला फक्त ताप कळला, आणि तिने तापाचं जे करायचं ते केलं. हे ऐकल्यापासून मी या बाईचा रोज विचार करते.

पहिले तीन दिवस लेकीने अंगावर काढले. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे मोडून आल्यासारखे. मी दिलेल्या औषधांच्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्या होत्या, त्यातल्या दोन तिने घेतल्या. चौथ्या दिवशी मालक परत आले आणि तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. एनएस-१ तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी पिशवीतल्या गोळ्या पाहून त्या अंगदुखीच्या गोळ्या बाजूला काढल्या. त्यात आयबुप्रोफेन होतं. डेंग्यूत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळायला सांगतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात. ती पाकिटं मी प्रेमाने भरली होती. कुठली कशासाठी, हे मात्र एका चिठ्ठीवरही लिहिलं नव्हतं.

आणि माझ्या चौकशीचं म्हणाल, तर डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे तो वायनाडला चावला असेल, म्हैसूरलाही चावला असेल. डेंग्यूचा डास दिवसाउजेडी चावतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात दुसरा पाऊस असतो, तुलावर्षम म्हणतात त्याला, कुंड्या-करवंट्यांत पाणी साचतं. यात तिचा काय दोष होता?

रात्री मी मेसेज केला, ‘चुकले. आता कसं वाटतंय?’ बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग मोठा मेसेज आला. चार दिवसांचं सगळं त्यात होतं.

मी लगेच मुंबई-कोची विमानाचं तिकीट बघायला लागले. नवरा म्हणाला, ‘तिला विचार आधी.’ मला राग आला. आजारी मुलीकडे जायला परवानगी कसली? पण विचारलं. ती म्हणाली, ‘ये. पण घरी न्यायला येऊ नकोस. नुसती ये.’

मी पोचले त्या दिवशी ताप उतरला होता. मी मनातल्या मनात देवापुढे साखरही ठेवली. नर्सबाई हिंदीत म्हणाल्या, ‘अब ध्यान रखना है.’ हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण अस्वस्थपणा, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर क्षणभरही थांबायचं नाही. घरी असतो तर ताप गेला म्हणून मी तिला आंघोळ घालून वरणभात भरवला असता आणि निर्धास्त झोपले असते.

प्लेटलेट साठ हजारांवर आल्या होत्या. इकडून नातेवाइकांचे मेसेज सुरू, पपईच्या पानांचा रस दे, किवी दे, बकरीचं दूध दे. डॉक्टर शांतपणे म्हणत होते, पातळ पदार्थ भरपूर, विश्रांती, आणि रोजची रक्ततपासणी. दोन दिवसांनी आकडा आपणहून वर चढू लागला.

तिच्या उशाशी एक छोटी वही होती. त्यात तारीख, वेळ, ताप किती, गोळी कधी, पाणी किती पेले, लघवी किती वेळा, सगळं तिच्या तिरप्या अक्षरात. डॉक्टर रोज ती वही बघत. मी ती हातात घेऊन बसले. हिला हे कुणी शिकवलं? मी तर नाही. आम्ही दवाखान्यात गेलो की डॉक्टर तिला विचारायचे, ‘काय होतंय बाळा?’ आणि उत्तर मी द्यायचे. पंधराव्या वर्षापर्यंत मीच देत होते.

तुमची मुलं लहान असतील, तर एवढं करून बघा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की आपण गप्प राहू या. मूल अडखळेल, ‘पोट असं असं होतंय’ म्हणेल, आपली जीभ शिवशिवेल. डॉक्टरांना घाई असेल तर राहिलेलं मागाहून सांगता येतं. गोळी देताना तिचं नाव वाचून घ्या त्याच्याकडून, ‘ती पांढरी’ पुरत नाही.

मोठी मुलं बाहेरगावी निघाली असतील, तर आपल्या डोक्यातलं त्यांच्या खिशात जायला हवं. रक्तगट, कुठल्या औषधाचं वावडं, दमा-फिट्स असं काही असेल तर ते, आरोग्य विम्याच्या कार्डाचा फोटो. फोन लॉक असतानाही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरायची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती शेजारी बसून भरून टाका. ११२ देशभर चालतो, रुग्णवाहिकेला १०८. केरळात आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०५६ हा ‘दिशा’चा नंबर आहे, दिवसरात्र. ओआरएसची चार पाकिटं द्या आणि एक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण घालायचं असतं, हेही सांगा. निम्मं-निम्मं करून पेल्यात कालवतात मुलं. आणि दोन दिवस ताप हटला नाही तर रक्त तपासायचं, ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून पडून राहायचं नाही.

हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे. ओरडणं आवरायला मात्र वेळ लागतो, मला अजून लागतोय. आता तिचा असा काही फोन आला की मी आधी एकच विचारायचं ठरवलंय, ‘आत्ता कसं वाटतंय?’ बाकीचं मनात साठतं. ते फोन ठेवल्यावर नवऱ्याला ऐकवते. तो ऐकतो.

रुग्णालयातून सोडायच्या आदल्या रात्री मी तिला विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस गं?’ ती छताकडे बघत होती. म्हणाली, ‘तूच म्हणाली होतीस ना, काही झालं तर आम्हाला सांगू नकोस.’ टोमणा नव्हता त्यात. तिला ते खरंच वाटलं होतं. आपण जिभेच्या टोकावरून जे फेकतो, मुलं ते गाठीला बांधून आठशे-हजार मैल घेऊन जातात.

अम्मच्चीचा निरोप घ्यायला गेलो. मी तिचे हात धरले, काय बोलायचं कळेना, मराठीतच बोलले. तिने माझ्याही कपाळाला हात लावून पाहिला. मग आम्ही नेत्रावती एक्स्प्रेसने ठाण्याला परतलो. वर्कला, कन्याकुमारी राहूनच गेलं.

ते तिने या जानेवारीत पुरं केलं, पुन्हा एकटीने. निघताना मी दशम्या दिल्या आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं, ‘काही झालं तर पहिला फोन मला कर.’ कन्याकुमारीला पोचल्याच्या रात्री फोन आला, ‘आई, घसा खवखवतोय. ताप नाही. मोजला.’