पत्रपेटीची पुनःस्थापना : एक अभ्यास

नियुक्तिपत्रे, गुणपत्रके, आप्तांची पत्रे हे सारे आज आपण ई-मेलच्या पेटीत ठेवतो. ती पेटीच रिकामी झाली तर? २०११ मधील एका घटनेच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे एकाएकी दिसेनाशी झाली. गूगल प्रत्येक पत्राच्या प्रती अनेक डेटा सेंटरांत ठेवत असे. तथापि साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलातील दोषाने त्यांपैकी अनेक प्रतींना एकदमच ग्रासले. पत्रे वाचली ती चुंबकीय फितींवरील बॅकअपमुळे. फिती चालू यंत्रणेपासून अलग होत्या, म्हणून दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. फितींवरून पत्रे परत आणण्यास मात्र अधिक वेळ लागला.

यातून आपण तीन गोष्टी शिकतो.

१. जोडलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ पेटीतून पत्र पुसले की अशा प्रतीतूनही ते पुसले जाते. बॅकअप अलग असावा.

२. जुना बॅकअप चालू पेटीवर थेट चढवू नये. मधल्या काळातील पत्रे नष्ट होण्याचा धोका असतो. तो प्रथम वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावा, पडताळावा, मगच हवी ती पत्रे मूळ पेटीत आणावीत.

३. बॅकअप अधूनमधून उघडून पाहावा. न पडताळलेला बॅकअप ही केवळ आशा असते.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या महत्त्वाच्या पत्रांची एक अलग प्रत आजच करून ठेवावी, एवढीच आमची विनंती.